सांगणाऱ्याची चूक

संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट जात नाही आणि साहेबही सहसा जात नाहीत. तिथे एका लांबट खोलीत सोळा लोखंडी कपाटं आहेत आणि त्यांत जगभरच्या लोककथा कार्डांवर लिहून ठेवल्या आहेत. त्यातली चार कपाटं एकाच गोष्टीची. आई मेलेली पोर, सावत्र आईचा जाच, कुठून तरी मिळालेले सुंदर बूट, त्यातला एक हरवतो आणि तो जिच्या पायात बसेल तिचं नशीब उघडतं, तीच ती गोष्ट. ती एकच आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा या चार कपाटांपुढे उभं राहावं. कुठे बूट काचेचा, कुठे सोन्याचा, तर कुठे साधा गवताचा. कुठे पोरीला गाय मदत करते, कुठे मासा. आणि तो मासा सावत्र आईने मारून खाल्ला तरी त्याची हाडं मदत करत राहतात. कुठे मेलेल्या आईच्या थडग्यावर झाड उगवतं आणि तेच बूट देतं. कुठे शेवटी सगळ्यांना माफी मिळते, कुठे पक्षी येऊन सावत्र बहिणींचे डोळे फोडतात. देश बदलला की सगळं बदलतं, फक्त सावत्र आई तेवढी बदलत नाही. ती वाईटच.

ही चार कपाटं सव्वीस वर्षं जी बाई सांभाळत होती, ती स्वतः सावत्र आई होती. हसायचं असेल तर हसून घ्या. ऑफिसातले लोक तर हसून हसून दमले होते.

ऑफिसात तिला चाळणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. विभागाचा एक जुना नियम होता: एखादा प्रसंग कमीत कमी तीन सांगणाऱ्यांच्या तोंडी आला तरच तो गोष्टीचा भाग. एकाच्याच तोंडी आला तर कार्डावर 'सां. चू.' लिहायचं, म्हणजे सांगणाऱ्याची चूक, आणि पुढच्या कार्डाला हात घालायचा. हा नियम बाकीचे लोक सवडीने पाळत, चाळणीबाई डोळ्यांत तेल घालून पाळे. तिच्या हाताखालून भलतंसलतं काही सुटत नसे, याचा तिला अभिमान होता. माणसाला अभिमान कशाचा असावा याला काही धरबंध नसतो.

त्या बुधवारी मात्र ती पहिल्या कपाटाचा पहिला खण उघडून बसली होती आणि जे आयुष्यभर गाळून टाकलं तेच शोधत होती. तिला एक चांगली सावत्र आई हवी होती, आणि तीही रविवारच्या आत.

घरी सोळा वर्षांची मुलगी होती. चाळणीबाईने लग्न केलं ते चाळिशीत, एका बायको वारलेल्या, अबोल, सज्जन माणसाशी. त्याच्याबरोबर ही पाच वर्षांची पोर आली. तिने पहिल्या दिवशी विचारलं, "तुला काय म्हणू?" चाळणीबाई म्हणाली, "मावशी म्हण." आणि ते जमून गेलं. आठ महिन्यांपूर्वी तो सज्जन माणूस दुपारी कामावर खुर्चीत बसल्याबसल्या गेला. तेव्हापासून घरात दोघीच होत्या, आणि पोरीच्या तोंडचं 'तू' जाऊन 'तुम्ही' आलं होतं. भांडण नाही, आदळआपट नाही. "तुम्ही जेवून घ्या." "तुमची किल्ली टेबलावर आहे." चाळणीबाईला वाटायचं, हिने एकदा ताट भिरकावून द्यावं, पण असं परक्यासारखं बोलू नये.

मागच्या रविवारी पोरीचा मामा आला होता. भला माणूस. पायातले बूट दाराबाहेर काढून, खुर्चीच्या कडेवर बसून, चार वेळा घसा साफ करून म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण आता भाऊजी नाहीत. रक्ताचं म्हणावं असं तिचं इथे कोण आहे? आमच्याकडे दोन बहिणी आहेत तिच्या वयाच्या. तिलाच विचारा." विचारलं. पोर म्हणाली, "पुढच्या रविवारी सांगते." मामा येतो म्हणाला आणि गेला.

चाळणीबाईच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा. कारण तिच्याजवळ त्या पोरीशिवाय कुणीही नव्हतं. हे तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पोरीजवळ तर नाहीच.

आता या सगळ्यात कार्डांचा काय संबंध, तर तो असा. पोर लहान होती तेव्हा रोज सकाळी शाळेआधी तिच्या दोन वेण्या घालायच्या असत. तेवढा वेळ ती गप्प बसावी म्हणून चाळणीबाई तिला कपाटातली गोष्ट सांगे. रोज तीच गोष्ट, पण दुसऱ्या देशातली. पोर कंगवा हातात देतानाच विचारी, "आज कुठली?" मग या देशात बूट कसला, मदतीला कोण, शेवटी कोणाचं काय झालं, असं दोघी मोजत बसत. पोर इतकी तरबेज झाली की सातव्या वर्षी म्हणायची, "मासा आला म्हणजे आता हाडं येणार." वेण्या झाल्या की दप्तर उचलून "जाते!" असं ओरडे, आणि चाळणीबाई ठरल्यासारखी म्हणे, "जाते म्हणू नये, येते म्हणावं." मग दारातून "येते!" यायचं. पुढे वेण्या सुटल्या, तरी अकरा वर्षं दारातला हा क्रम चुकला नव्हता.

नऊ वर्षांची असताना एका सकाळी पोरीने विचारलं, "मावशी, असा एकसुद्धा देश नाही का, जिथे सावत्र आई चांगली आहे?"

दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे एक देश बनवून मोकळी झाली असती. चाळणीबाईने वेणीचा पेड हातात धरून प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "अजून तरी आढळला नाही. शोधते."

"सापडला की सांग हं."

"सांगेन."

तो शब्द पाळायचा राहिला होता. ती गोष्ट सापडली तर रविवारी पोरीपुढे ठेवायची. त्यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं. राहा, अशी साधी विनवणी करता येते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. उभ्या जन्मात जे काही बोलली ते पुराव्यानिशी बोलली. आता पोरीलाही पुरावाच दाखवायला निघाली होती.

बुधवार गेला, गुरुवार गेला. दोन कपाटं झाली. समोरच्या टेबलावरचा टायपिस्ट सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम गेली तीन वर्षं करत होता आणि आणखी तीस वर्षं पुरवायच्या बेतात होता. तो म्हणाला, "बाई, काय हरवलंय?"

"चांगली सावत्र आई."

"या कपाटांत?" तो हसला. "अहो, त्यापेक्षा मोठ्या साहेबांच्या खोलीत माणुसकी शोधा, लवकर सापडेल."

चाळणीबाई हसली नाही. तेव्हा तो खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला आणि "तिसरं मला द्या," म्हणाला. त्याचे उपकार तिने नंतर मानले, त्या वेळी सुचलं नाही.

शुक्रवारी चार वाजता कार्ड सापडलं, तेही टायपिस्टला नाही, तिलाच. अक्षर तिचंच होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षाचं, टपोरं आणि आत्मविश्वासाने भरलेलं. सांगणारी: इस्त्रीवाली म्हातारी, वय सुमारे सत्तर. बूट: कापडी. कोणी दिले: आधी 'सावत्र आई' असं लिहिलं होतं. त्यावर लाल रेघ, पुढे 'सां. चू.', आणि खाली 'मेलेली आई. झाडातून.' कोपऱ्यात कॅसेटचा नंबर.

तिला म्हातारी आठवली नाही. नुसती वाफेची आठवण आली, आणि आपण घाईत होतो एवढंच.

कॅसेट मिळाली. ती वाजवायचं यंत्र मात्र अडगळीच्या खोलीत होतं आणि त्याचा पट्टा ढिला पडला होता. टायपिस्टने शनिवारी सकाळी घरून येऊन त्यात एक रबरबँड अडकवला, बटण दाबलं आणि पहिला आवाज ऐकल्याबरोबर म्हणाला, "मी खालून चहा घेऊन येतो." माणूस थट्टेखोर असला तरी त्याला कळत होतं.

आधी इस्त्रीचा आवाज आला. ओल्या कापडावर तापलेलं लोखंड फिरतं तसा. मग म्हातारी बोलायला लागली.

"एक होती पोर. तिची आई मेली. बापानं दुसरी आणली. आता ही दुसरी काय वाईट नव्हती हं. पण पोर तिच्याकडे बघायचीच नाही. बघणार कशी? आईची जागा कुणी घेतली की डोळ्याला डोळा भिडत नाही. पोर अनवाणी फिरायची. दुसरीला वाटायचं, हिला बूट शिवून द्यावेत. पण माझ्या हातचे घेईल का ही? मग तिनं आपला लग्नाचा झगा उसवला, आणि चोरून चोरून बूट शिवले. आणि नेऊन ठेवले कुठे? पोरीच्या आईला पुरलं होतं त्या झाडाखाली. सकाळी पोर तिथे गेली, बघते तर बूट! म्हणाली, माझ्या आईनं दिले. नाचत घरी आली. आणि सावत्र आई..."

"आजी, एक मिनिट थांबा."

तो आवाज तिचा होता. पंचवीस वर्षांची, हुशार, तुसडी.

"सावत्र म्हणताय तुम्ही. सख्खी म्हणायचंय ना? ती मेलेली आई झाडातून बूट देते."

"नाही गं. सावत्र शिवते. पोरीला वाटतं आईनं दिले. वाटू दे की. हिनं तोंड उघडायचं नाही, तीच तर गंमत आहे. मी माझ्या सवतीच्या लेकीला हीच सांगायची."

"पण सगळीकडे सख्खी आईच देते, आजी. मी शंभरेक तरी वाचल्यात. नीट आठवा."

इस्त्री थांबली. मग म्हातारी म्हणाली, अगदी खालच्या आवाजात, "असेल बाई. तू शिकलेली. सख्खीच असेल." आणि पुढची गोष्ट तिने जगात सगळीकडे सांगतात तशी सांगून टाकली. भरभर, जणू गिऱ्हाईक दारात उभं आहे. सावत्र आईला शेवटी उकळत्या तेलात टाकलं.

चाळणीबाईने ती फीत उलटी फिरवून पुन्हा ऐकली. चार वेळा ऐकली. पोरीला कधी कळलं का, बूट कुणी शिवले ते? कळल्यावर ती काय म्हणाली? ते म्हातारीच्या पोटातच राहिलं होतं. म्हातारी आता कुठली असायला. पण चौथ्या वेळेला ती म्हातारीचं ऐकतच नव्हती. ती स्वतःचे दोन शब्द ऐकत होती. नीट आठवा.

हेच शब्द ती आणखी एकदा बोलली होती. पोर सात वर्षांची असताना, वेण्या घालताना.

पोरीने त्या दिवशी गोष्ट मागितली नाही, सांगितली. म्हणाली, "मावशी, मला आई आठवते. ती खिडकीशी उभी आहे. नुकतीच न्हायलीय. पिवळ्या टॉवेलने केस पुसतेय. माझ्या गालावर पाण्याचा थेंब पडतो आणि ती हसते." चाळणीबाईला ऐकून बरंच वाटलं होतं. पण मनातली चाळणी काही थांबेना. तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "छे. त्या खिडकीच्या घरात आम्ही आलो तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. औषधांनी केस सगळे गेलेले. माझी बहीण असायची तेव्हा सोबतीला, तिचे केस लांब." मग अल्बममध्ये फोटोही निघाला: खिडकी, पिवळा टॉवेल, आत्या. तीन पुरावे झाले. दुसऱ्या दिवशी चाळणीबाईने वेणी घालताघालता पोरीला समजावून सांगितलं, की ती आई नव्हती, आत्या होती. "नीट आठव." पोरीला खोट्यावर वाढवायचं नाही, असा तिचा बाणा होता. पोर फोटोकडे बघत म्हणाली, "मग आईची कुठली?"

आईची दुसरी आठवण नव्हती. तेवढी एकच होती.

टायपिस्ट चहा घेऊन वर आला तेव्हा यंत्र बंद होतं आणि चाळणीबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याने कप ठेवला. "सापडली का हो?"

"सापडली," ती म्हणाली. "मीच मारली होती तिला."

रविवारी मामा दहाला यायचा होता. चाळणीबाई आठ वाजता पोरीच्या खोलीच्या दारात गेली तर पोरीच्या दोन बॅगा भरून तयार, कपाट रिकामं, पलंगावर चादरीची घडी. उत्तर मिळालंच होतं. तरीसुद्धा ती आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. पोर आरशापुढे उभी होती. बाप गेल्यावर तिने केस मानेपर्यंत कापून टाकले होते, त्यामुळे आता कंगवा कुणाच्या हातात देण्याचा प्रश्न नव्हता.

"तुला शब्द दिला होता," चाळणीबाई म्हणाली. "चांगली सावत्र आई सापडली की सांगेन म्हणून."

पोरीचा हात थांबला. तिला आठवत होतं, हे आरशात दिसलं.

चाळणीबाईने गोष्ट सांगितली. अनवाणी पोर, उसवलेला झगा, झाडाखाली ठेवलेले बूट. पोरीला वाटतं आईनं दिले, आणि सावत्र आई तोंड उघडत नाही. पोर वळली नाही, पण एकेक शब्द ऐकत होती.

"शेवट?"

"शेवट नाही माझ्याजवळ."

"किती जणांनी सांगितलीय?"

चाळणीबाईला खोटं बोलता आलं असतं. तीन म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पण पोरीसमोर तिची जीभ वळेना. "एकीनेच," ती म्हणाली.

"मग सांगणाऱ्याची चूक," पोर म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला जे शिकवलं तेच ती म्हणत होती.

"नाही. चूक माझी होती. तेव्हाही आणि..." चाळणीबाई उठून उभी राहिली. हात कुठे ठेवावेत तेही तिला कळेना. "ती खिडकीतली, ओल्या केसांची. ती तुझी आईच असेल गं. मी उगाच खोदत बसले. कुणी सांगावं, आधीची असेल, आजारपणाच्या आधीची. तू होतीस तिथे, मी नव्हते. आईच होती ती."

आता पोर वळली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तूच म्हणालीस ना, नीट आठव? मी आठवलं. रोज रात्री उशीत तोंड खुपसून आठवायचे, की एकदा तरी तोंड आईचं दिसेल. इतक्या वेळा आठवलं, की आता दुसरं काही उरलंच नाही. टॉवेल तोच, थेंब तोच, आणि वर बघितलं की आत्या. तू आता काहीही म्हण. मला तिथे आत्याच दिसते."

चाळणीबाईने एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात घंटा वाजली.

मामा आत आला नाही. दारातूनच, नजर खाली ठेवून, दोन्ही बॅगा उचलल्या आणि "ताई, फोन करत राहू," असं पुटपुटत जिना उतरायला लागला. पोरीने बुटांचे बंद बांधले. सावकाश बांधले. चाळणीबाईला वाटलं, आता ही मान वर करेल. तिने मान वर केली नाही. खांद्याला पर्स अडकवली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि पाठमोरीच म्हणाली, "जाते."

चाळणीबाईच्या ओठांवर शब्द आले होते. अकरा वर्षं रोज सकाळी आले होते तसेच, आपोआप. जिन्यावरची पावलं किंचित थांबली, की तिलाच तसं वाटलं, हे तिला कधी कळलं नाही. तिने दाराची चौकट धरली आणि ओठ मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाची चूक दुरुस्त केली नाही.